‘कदाचित’ कुठं गेलं?

कुणाच्या हातात नवी डबी, पुडी किंवा बाटली दिसली की मॅडम आधी हात पुढं करायच्या. “बघू.” त्या मागायच्या नाहीत, घ्यायच्याच. मग चष्मा कपाळावर सरकवून, डबी नाकाला टेकेल इतकी जवळ धरून मागची बारीक अक्षरं वाचायच्या. वाचून झालं की समोरच्याकडं अशा बघायच्या, जणू तो मजकूर त्यानंच छापून आणलाय.

“आणि ‘कदाचित’ कुठं गेलं?”

तुमच्याही कॉलेजात, ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर नवी वस्तू पिशवीतून काढायची चोरी. आमच्या स्टाफरूममध्ये मॅडम होत्या. त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. आमची टेबलं एकमेकांना लागून, आणि गारखेड्यात आमची घरंही एका गल्लीच्या अंतरानं. त्यामुळं सकाळी भाजीच्या गाड्यावर आणि दुपारी डब्याच्या सुट्टीत, मला त्या दोन्ही वेळा ऐकायला मिळायच्या.

आमच्या क्रीडाशिक्षकांनी एकदा हिरव्या कॉफीची डबी आणली. चरबी वितळवते म्हणे.

“सर, हे कुणी सांगितलं?”

“मॅडम, डबीवरच लिहिलंय की.”

“डबीवर काय बी लिहिता येतंय. वितळवते! तूप हाय का ते?”

मॅडम मूळच्या गंगापूरकडच्या. वर्गात अगदी छापील मराठी बोलायच्या. पण चिडल्या की तडक गावाकडं जायच्या. त्या किती चिडल्यात हे आम्ही त्यांच्या बोलण्यावरून ओळखायचो. ‘नाही’चं ‘नाय’ झालं म्हणजे अजून आशा आहे. ‘लई’ आलं की आपापल्या तासाला निघून जावं.

मला मात्र त्या सोडायच्या नाहीत, कारण माझा विषयच भाषा. “सर, तुमच्या मराठीत ‘करतात’, ‘करत असावेत’ आणि ‘करू शकतात’ हे तीन वेगळे आहेत की नाहीत?”

“वेगळे आहेत.”

“मग पेपरवाल्यांना तिन्ही एकच कसे वाटतात?”

“मथळ्यात जागा कमी असते, मॅडम.”

“जागा नसंल तर बातमी नका देऊ. खोटी कशाला देता?” जणू तो पेपर मीच काढत होतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं ती लोकांनी वापरली. मॅडम अंगानं जाड होत्या. थायरॉइडचा त्रास होता, आणि तो बऱ्याच वर्षांचा होता. शेअर रिक्षावाले त्यांना बघून म्हणायचे, “आप पीछेवाली में आ जाओ, मॅडम.” मागची रिक्षाही तेच म्हणायची. एका शब्दासाठी अख्ख्या स्टाफरूमशी भांडणाऱ्या मॅडम तिथं काही बोलायच्या नाहीत. पदर सारखा करायच्या आणि चालायला लागायच्या. मी बरोबर असलो तर म्हणायच्या, “चला सर, तेवढंच ऊन मिळंल.” मे महिन्यात!

दर वर्षी विज्ञान दिनाला त्यांचं व्याख्यान असायचं. त्या वर्षी विषय होता तपकिरी चरबी. मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण त्या दिवशी कळलं. “पांढरी चरबी म्हणजे कणगी,” मॅडम म्हणाल्या. “सुगीला भरायची, टंचाईत काढायची. तपकिरी चरबी म्हणजे शेगडी. ती साठवत नाही, जाळते आणि अंग ऊबदार ठेवते. तान्ह्या बाळाला थंडीत कुडकुडता येत नाही, म्हणून निसर्गानं त्याला ही शेगडी देऊन पाठवलंय. मोठ्या माणसात ती मानेपाशी, गळ्याच्या हाडाशी थोडीशी उरते.”

मग कुणीतरी मिरचीबद्दल विचारलं. त्यावर मॅडम जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या म्हणाल्या, “मिरचीतले, हळदीतले, हिरव्या चहातले काही घटक ही तपकिरी चरबी जागी करतात, असं उंदरांमध्ये दिसलंय. माणसांत कदाचित. झाली जागी तरी किती, आणि त्यानं वजन उतरतं का, हे अजून कुणाला नीट माहीत नाही. तेव्हा ठेचा खायचा तो चवीसाठी खा.”

मुलं हसली, टाळ्या झाल्या, मोबाइलवर चित्रीकरण झालं, चहा झाला. सगळे विसरले.

वैशाली ही आमच्या मॅडमची विद्यार्थिनी. खुलताबादच्या डोंगराकडची. तिचे वडील मेंढरं राखायचे. कळप कमी होत गेला तसे दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायला लागले. घराण्यात एम.एस्सी.पर्यंत आलेली ही पहिलीच. पोरगी अंगानं जरा भरलेली, डोक्यानं तल्लख. प्रयोगशाळेत तिचा हात बघून मॅडम म्हणायच्या, “हिला काचेची नळी शिकवावी लागत नाय. ती नळीलाच शिकवते.”

तिची सोयरीक जमली. साखरपुडा झाला. आणि साखरपुड्याच्या जेवणावरच मुलाची बहीण तिला म्हणाली, “वैनी, लग्नापर्यंत जरा कमी करा की. फोटो चांगले येतील.” पुढं मुलाच्या आईनंही तेच सांगितलं. मग मुलानंही. प्रत्येकानं हसत हसत सांगितलं, म्हणजे कुणी काही बोललं असंही म्हणता येत नाही!

लग्नाआधी काही आठवडे वैशाली वर्गात येईनाशी झाली. आधी वाटलं, खरेदी चालली असेल. मग तिच्या मैत्रिणीनं सांगितलं की ती दवाखान्यात आहे, कावीळ झालीय. मॅडम आणि मी संध्याकाळी गेलो.

पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे. अंगाला खाज सुटलेली, पाणीही पोटात ठरत नव्हतं. वडील पलंगाच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. मॅडमना बघून ते उठले, हात जोडले.

“काय झालं हो एकाएकी?” मॅडमनी विचारलं. “बाहेरचं काही खाल्लं का?”

“बाहेरचं काय नाय, बाई. त्या गोळ्याच खात होती. तुम्ही सांगितलेल्या.”

“मी? कुठल्या गोळ्या?”

वडिलांनी खिशातून मोबाइल काढला. काच तडकलेली होती. त्यांना नीट लावता येईना, मग वैशालीनंच पडल्या पडल्या लावून दिला. गारखेड्यात नव्यानं निघालेल्या एका आरोग्य केंद्राची जाहिरात होती. आधी संगीत, मग एक सडपातळ बाई पळताना, आणि मग आमच्या मॅडम. आमच्याच सभागृहात, आमच्याच फळ्यासमोर उभ्या. त्या म्हणत होत्या, “मिरचीतले, हळदीतले, हिरव्या चहातले काही घटक ही तपकिरी चरबी जागी करतात.”

तिथं कापलं होतं. पुढं गोळ्यांची डबी आणि केंद्राचा पत्ता.

मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलोय की मराठीत क्रियापद शेवटी येतं. पण आपल्या भाषेत शंकाही शेवटी येते, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ‘असं दिसलंय’, ‘असं म्हणतात’, ‘असावं’ हे सगळं वाक्याच्या शेपटाला. शेपूट छाटलं की राहतं ते ठाम विधान. ज्यानं ती कात्री चालवली त्याला मराठी उत्तम येत होतं.

वडील खालच्या आवाजात बोलत होते. “तिनं मला दाखिवलं. म्हन्ली, आमच्या मॅडम हायत. मी म्हन्लं, बाई सांगतेत तर घे.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच ऐकवत नव्हतं. मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. वैशालीनं मान वळवली.

“पोरी, पुढचं वाक्य तू ऐकलं होतंस ना? तू तर पहिल्या बाकावर होतीस.”

“ऐकलं होतं, मॅडम. पण मला वाटलं, आता नवीन काही कळलं असंल. म्हणून तुम्ही त्यांना असं सांगितलं असंल.”

डॉक्टर तरुण होते आणि सरळ बोलले. काविळीची नेहमीची कारणं तपासली, त्यातलं एकही सापडलं नाही. डबीत मिरचीचा आणि हिरव्या चहाचा अर्क होता. चहा पिणं वेगळं आणि त्याचा अर्क गोळीत दाबून रोज घेणं वेगळं. अशा अर्कानं यकृताला इजा झाल्याचं आढळलेलं आहे. “गोळ्यांमुळं असू शकतं. पण शंभर टक्के तसंच आहे असं मी लिहून देऊ शकत नाही.”

“बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. त्याही क्षणी त्यांना ते बरोबर वाटलं!

दवाखान्याच्या बाहेर आल्यावर त्या फक्त एवढंच बोलल्या, “सर, रविवारी मोकळे हायत का?”

रविवारी सकाळी त्या केंद्राचा मेळावा होता, एका मंगल कार्यालयात. खुर्च्या भरलेल्या, बहुतेक बायका. मागं नाष्ट्याची तयारी. स्टेजवर एक कोट घातलेला माणूस कानाला माइक लावून फिरत होता. गोळ्या घेऊन कुणाचं किती उतरलं ते सांगत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळ्या मागत होता. मग मोठ्या पडद्यावर मॅडम आल्या. भिंतभर. त्यांचं ते कापलेलं वाक्य सभागृहात घुमलं.

मॅडम उठल्या. “त्या बाई मीच.”

तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? टाळ्या पडल्या. कडकडून. लोकांना वाटलं पाहुण्या आल्यात. कोटवालाही गडबडला, पण सावरून म्हणाला, “या मॅडम, या, या! आपलं भाग्य.” त्यानं स्वतःच त्यांना हात देऊन स्टेजवर घेतलं आणि माइक दिला.

मॅडमनी आधी आपलं वाक्य पूर्ण केलं. उंदीर, माणसं, कदाचित, सगळं. वर्गात सांगावं तसं, न ओरडता. मग म्हणाल्या, “ह्या वाक्याचा शेवट उडवून तुम्ही गोळ्या विकताय. माझी एक विद्यार्थिनी त्या गोळ्या खाऊन दवाखान्यात पडलीय. कावीळ झालीय तिला. लग्न तोंडावर आलंय.”

कोटवाल्याकडं दुसरा माइक होताच.

“मॅडम, ऐकून फार वाईट वाटलं. पण तिला जे झालं ते आमच्याच गोळ्यांनी झालं का? खात्रीनं सांगता येईल?”

मॅडम थांबल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हणा. एकदा, फक्त एकदा हो म्हणा. समोर शंभरेक बायका डब्या हातात घेऊन बसल्यात. कोण विचारतंय तुम्हाला पुरावा?

“कदाचित,” मॅडम म्हणाल्या. “बहुतेक. खात्रीनं नाही सांगता येणार.”

“कदाचित!” तो लोकांकडं वळून हसला. “ऐकलंत? कदाचित! म्हणजे बाईंनाच माहीत नाही.”

विकताना जो शब्द त्यांना नको होता, तोच बचावाला बरोब्बर सापडला. आजही हे लिहिताना माझी कानशिलं तापतात. ज्यानं तो शब्द चोरला तो मोकळा, आणि जिनं प्राणपणानं सांभाळला तिच्याच तोंडावर तो फेकून मारला.

तेवढ्यावर तो थांबला नाही. मॅडमना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाला, “आणि मॅडम, राग नका मानू, चरबीवर बोलायच्या आधी माणसानं जरा स्वतःकडं बघावं.”

लोक हसले. बायकाही हसल्या. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाला “ए!” म्हणून ओरडलो. शेजारच्या गृहस्थांनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

मॅडमनी पदर सारखा केला. मला वाटलं, आता त्या रिक्षावाल्यांसमोरून निघून जातात तशा जाणार. पण त्या बोलल्या.

“बघते की. रोज बघते. आन् तुम्ही बी बघा, सगळ्यांनी बघा. लहानपणापासून भाकरीवर ठेचा खात आलेय मी. आमच्या घरी मिरचीशिवाय घास उतरत नाय. तुमच्या म्हणण्यावानी मिरचीनं माणूस वाळलं असतं, तर आज मी तुम्हाला दिसले बी नसते.”

पुन्हा हसले लोक, पण हे हसणं वेगळं होतं. पहिल्या रांगेतल्या एक काकू हातातली डबी खुर्चीवर ठेवून उठल्या आणि बाहेर गेल्या. एवढंच. बाकीचे बसून राहिले. नाष्टा अजून व्हायचा होता.

परत येताना मी चिडलो होतो, आणि खरं सांगायचं तर मॅडमवरच जास्त. “मॅडम, एकदा तो शब्द गाळला असता तर काय बिघडलं असतं?”

“आणि उद्या वर्गात काय तोंडानं उभी राहिले असते?” त्या म्हणाल्या. मग बरंच चालल्यावर, “पोरीनं माझ्यावर भरवसा ठेवला, सर. कापलेल्या वाक्यावर पण ठेवला. आता मी बोलीन ते तरी अख्खं असावं.”

तक्रारी त्यांनी केल्या, जिथं जिथं करायच्या तिथं. चौकशी सुरू होईपर्यंत डबीचा रंग बदलला, नाव बदललं, आत काय ते देव जाणे. मॅडमची चित्रफीत मात्र जाहिरातीतून गेली. तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी आली.

आठवड्याभरात प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. केंद्राचे मालक आमच्या संस्थेतल्या एका वजनदार माणसाचे पुतणे निघाले. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, संस्थेचं नाव खराब होतंय. गैरसमज झाला, माझी चूक झाली, असं चार ओळीत लिहून द्या. विषय संपेल.”

“देते की लिहून,” मॅडम म्हणाल्या. “‘माझ्याकडून कदाचित चूक झाली असेल, कदाचित झाली नसेल.’ चालंल?”

चाललं नाही. त्यांचं विभागप्रमुखपद गेलं. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि त्यांना हजेरीपट तपासायला बसवलं. इतक्या वर्षांच्या बाईला! स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाईट वाटलं. सगळ्यांनी ते हळू आवाजात एकमेकांना सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही, कारण त्या सुमारास परीक्षा आहेत म्हणे. आमच्याकडं परीक्षा कधी नसतात? मी आणि शिपाई मामा त्यांच्या पिशव्या घेऊन फाटकापर्यंत गेलो. मॅडम मामांना म्हणाल्या, “गुडघ्याला ते तेल लावू नका. त्यात काही नाय.”

वैशाली बरी झाली. हळूहळू, पण पूर्ण बरी. मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. ज्यांनी तिला कमी हो म्हणून सांगितलं त्यांनीच निरोप धाडला की पोरीच्या तब्येतीचा भरवसा नाही. तुम्हीच सांगा, अशा लोकांना काय म्हणायचं? वैशालीच्या वडिलांनी मॅडमना फोन केला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “बरं झालं. तिला आता अभ्यासाला वेळ मिळंल.” तिनं एम.एस्सी. पूर्ण केलं आणि आमच्याच कॉलेजात तासिकांवर शिकवायला लागली.

मॅडम गंगापूरकडं भावाच्या घरी राहायला गेल्या. अधूनमधून फोन यायचा. शेवटच्या फोनवर खूष होत्या. तिथल्या एसटी स्टँडवर एक जण शुगर बरी करणारा रस विकतो, त्याच्याशी भांडण काढलं होतं. “सर, त्याच्या पाटीवर आता खडूनं ‘कदाचित’ लिहिलंय. म्हणतो, बाई, ह्यानं धंदा वाढला. लोक म्हणतेत माणूस खरं बोलतोय.” आणि खळखळून हसल्या. मागच्या हिवाळ्यात सकाळी अंगणात बसल्या होत्या, तिथंच गेल्या. हृदयविकार.

कॉलेजात शोकसभा झाली. टेबलावर फोटो, हार, उदबत्ती. प्राचार्य तेच होते. त्यांनी घसा साफ केला. “मॅडम अत्यंत मितभाषी, शांत आणि सर्वांशी जुळवून घेणाऱ्या होत्या. संस्थेवर त्यांचं अपार प्रेम होतं. कधी कुणाशी वाद नाही, कुणाबद्दल तक्रार नाही…”

मी आजूबाजूला बघितलं. माना डोलत होत्या.

मागच्या दाराजवळून आवाज आला. “सर, तसं नव्हतं.”

वैशाली उभी होती. तासिकांवरची बाई. पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांनाच ती अडवत होती.

“मॅडम शांत नव्हत्या. लई भांडायच्या. माझ्यासाठी भांडल्या. तवा त्यांना माफी लिहून द्या म्हणणारे तुम्हीच होता.”

प्राचार्यांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, माइककडं बघितलं आणि म्हणाले, “आपण सगळे उभे राहू या. श्रद्धांजलीसाठी स्तब्धता पाळू या.”

खुर्च्या सरकल्या. सगळं सभागृह माना खाली घालून उभं राहिलं. वैशालीनं घातली नाही.